माळ्यावरचा पंखा आणि तळघरातली हवा : न दिसणारं काम विकायचं कसं?



'कोटेशन कसं द्यायचं' या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या रेडॉन पंख्याचं उदाहरण घाईघाईत दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हा रेडॉन म्हणजे काय? आणि माळ्यावर पंखा लावून तळघरातली हवा कशी सुधारते?" प्रश्न एकदम बरोबर आहे. मी स्वतः इलेक्ट्रिकलचं दुकान चालवतो, रोज पंखे विकतो, तरी हे मला आधी कळलं नव्हतं. न कळल्यामुळे मी घरच्याच माणसाला चुकीचा सल्ला दिला होता. म्हणून आज सगळं सविस्तर सांगतो.

आधीच स्पष्ट करतो. तुम्ही महाराष्ट्रात रेडॉनचा धंदा काढा, असं मी म्हणत नाही. पण त्या कामाची पद्धत शिकण्यासारखी आहे. कारण आपल्यातले बरेच जण अशा गोष्टी विकतात ज्या कस्टमरला डोळ्यांनी दिसत नाहीत : वाळवीचं औषध, अर्थिंग, वॉटरप्रूफिंग, पाण्याचं फिल्टर, हवा खेळती ठेवणं.

गोष्ट कुठून सुरू झाली?

माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याने तिथे जुनं घर विकत घ्यायचं ठरवलं. तिकडे घर घेण्याआधी तपासणी करतात, त्यात रेडॉनची टेस्टसुद्धा करून घेतात. याच्या घराचा आकडा आला ९.६.

हा ९.६ म्हणजे काय? रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. जमिनीत, खडकात थोडंफार युरेनियम असतं. त्याचं हळूहळू विघटन होतं, त्यातून रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर तो हवेत मिसळून विरळ होतो. घरात मात्र साठतो. तो श्वासातून आत गेला की त्याच्यापासून तयार होणारे किरणोत्सारी कण फुफ्फुसात बसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी सुमारे २१,००० लोक रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरने जातात. धूम्रपानानंतर हेच दुसरं मोठं कारण. म्हणून त्या संस्थेने पातळी ठरवून दिली आहे : हवेत प्रति लिटर ४ पिकोक्युरी किंवा जास्त रेडॉन असेल तर दुरुस्ती करा. दादाच्या घरात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त होता.

आणि वहिनी घरून काम करतात. त्यांचं ऑफिस होणार होतं तळघरात, म्हणजे जिथे रेडॉन सगळ्यात जास्त असतो तिथेच. रोज आठ-नऊ तास.

या धंद्याची सुरुवात एका अलार्मने झाली

पेनसिल्व्हेनियात लिमरिक नावाचं अणुवीज केंद्र आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनिअरमुळे किरणोत्सार तपासणारा अलार्म वाजला. केंद्रातून तेव्हा वीजनिर्मितीही सुरू झाली नव्हती. मग याच्या अंगावर किरणोत्सार आला कुठून? शोध घेतल्यावर कळलं, तो घरून येत होता. घरातल्या हवेत रेडॉन सुमारे २,७०० पिकोक्युरी. ४ च्या पातळीच्या साधारण ६७५ पट. त्या कुटुंबाला घर सोडून राहावं लागलं आणि दुरुस्तीनंतर ते परत आले. या घटनेनंतर घरांमधल्या रेडॉनची तपासणी अमेरिकेत गंभीरपणे सुरू झाली आणि ती दुरुस्ती करणाऱ्या छोट्या कंपन्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. आज पेनसिल्व्हेनियात हे काम पैसे घेऊन करायचं तर राज्याचं प्रमाणपत्र लागतं.

माझा चुकीचा सल्ला

दादाने तीन जणांकडून भाव मागवले. एकाने फोनवरच सांगितलं, "माळ्यावर पंखा बसवतो, ९०० डॉलर." दुसऱ्याने १,६०० सांगितले. तिसरा माणूस घरी आला, दीड तास थांबला, तळघराच्या जमिनीला एक-दोन बारीक भोकं पाडून काहीतरी तपासलं, कागदावर चित्र काढलं आणि १,४५० डॉलर सांगितले.

दादाने मला व्हिडिओ कॉल केला. "अरे, तू पंखेवाला ना? सांग, कोणाला देऊ?"

मी पक्का दुकानदार. म्हटलं, "दादा, पंखा तो पंखाच. ९०० वाल्याला दे. ५५० डॉलर वाचतील."

वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊजी, तो माणूस घर न बघता भाव सांगतोय. बसायचं मला आहे तिथे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तिसऱ्याला काम दिलं. मग काम चालू असताना दादा मला एकेक गोष्ट दाखवत गेला, तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला 'पंखा लावणं' म्हणत होतो ते काम वेगळंच होतं.

पंखा माळ्यावर, पण माळ्याची हवा ओढायला नाही

आपल्याला काय वाटतं? माळ्यावर एक्झॉस्ट लावला की घरातली खराब हवा वर ओढली जाईल आणि बाहेर जाईल. इथेच चूक होते.

थंडीत ही घरं बंद असतात आणि आतून गरम ठेवतात. गरम हवा वर जाते आणि माळ्याच्या फटींतून बाहेर निसटते. तिची जागा भरायला घर खालून हवा ओढतं. खाली काय आहे? जमीन. तळघराच्या कोब्याच्या भेगा, पाइपांच्या भोवतीच्या फटी, पाणी काढायचा खड्डा, या सगळ्यांतून मातीतली हवा आत येते आणि तिच्याबरोबर रेडॉन.

आता अशा घरात माळ्यावर नुसता एक्झॉस्ट लावला तर तो घरातली हवा अजून जोरात वर ओढेल. खाली दाब अजून कमी होईल आणि जमिनीतून रेडॉन अजून जास्त येऊ शकेल. म्हणजे पैसे देऊन त्रास वाढवून घेतला!

म्हणून हा पंखा घरातल्या मोकळ्या हवेला लागतच नाही. तो एका बंद पाइपात बसतो. पाइपाचं खालचं टोक तळघराच्या कोब्याखाली, मातीत. वरचं टोक छपराच्या बाहेर. पंखा कोब्याखालची हवा ओढतो, त्यामुळे तिथला दाब घरातल्या दाबापेक्षा कमी होतो. मग मातीतली हवा घरात शिरायच्या ऐवजी थेट पाइपात जाते.

मग पंखा तळघरातच का नाही बसवत? सोपं पडलं असतं की! याचं उत्तर पंख्याच्या दोन बाजूंत आहे. पंख्याच्या खालची बाजू ओढते. त्या पाइपाला बारीक गळती असली तर घरातली हवा पाइपात जाईल, रेडॉन बाहेर येणार नाही. पण पंख्याच्या वरची बाजू ढकलते. तिथे गळती असली तर दाबाखालचा रेडॉन बाहेर फेकला जाईल. म्हणून पंखा आणि त्याच्या वरचा पाइप माणसं राहतात त्या भागात ठेवायचा नाही. माळ्यावर ठेवतात, किंवा घराच्या बाहेर. वर खोली नसेल तर गॅरेजमध्येही चालतो.

काम प्रत्यक्षात कसं होतं?

१. आधी तपासणी. कोब्याला मुख्य भोक पाडून तिथून हवा ओढायची. मग तळघराच्या लांबच्या कोपऱ्यात बारीक भोक पाडून तिथे धूर सोडायचा. धूर खाली ओढला गेला तर समजायचं, ओढ तिथपर्यंत पोचते. कोब्याखाली खडी असेल तर ओढ लांब जाते. चिकणमाती असेल तर जात नाही. मग जास्त ओढीचा पंखा किंवा दुसरं भोक लागतं. पंख्याचं मॉडेल या तपासणीनंतर ठरतं. फोनवर ते ठरूच शकत नाही.

२. कोब्याखाली खड्डा. मुख्य भोकातून हात घालून थोडी माती-खडी काढतात. मोकळी जागा झाली की हवा सहज जमते.

३. भेगा बंद करणं. फटींत सीलंट भरतात, पाण्याच्या खड्ड्यावर घट्ट झाकण बसवतात. नाहीतर पंखा मातीतली हवा सोडून घरातलीच गरम हवा ओढत बसतो आणि हीटिंगचं बिल वाढतं.

४. पाइप. ३ किंवा ४ इंची पीव्हीसी पाइप कपाटातून किंवा गॅरेजमधून वर माळ्यापर्यंत नेतात. मातीतली हवा दमट असते, पाइपात पाणी सुटतं. म्हणून आडव्या पाइपाला उतार खालच्या भोकाकडे द्यायचा. मध्ये कुठे खोलगट भाग राहिला तर पाणी साठतं आणि हवेची वाट बंद होते.

५. माळ्यावरचं काम. तिथल्या माळ्याला आपल्यासारखी पक्की जमीन नसते. खाली लाकडी तुळया आणि त्यांच्या मधे पातळ छताचा बोर्ड. पाय तुळईवरच ठेवायचा, नाहीतर माणूस खालच्या बेडरूममध्ये! त्या माणसाने आधी तुळयांवर फळी टाकली. मग पंखा उभा बसवला. आडवा बसवला तर आत पाणी साठतं. पंख्याच्या दोन्ही बाजूंना रबरी कपलिंग आणि क्लॅम्प. त्यामुळे थरथर घरात उतरत नाही आणि पुढे पंखा बदलायचा झाला तर पाइप कापावा लागत नाही. वायरिंग आणि स्विच इलेक्ट्रिशियनकडून.

६. छपराबाहेर तोंड. पाइप छपराच्या वर निघतो. नियम असा की तोंड जमिनीपासून किमान १० फूट उंच हवं आणि जवळच्या खिडकीपासून १० फूट लांब किंवा तिच्यापेक्षा २ फूट वर. बाहेर काढलेली हवा परत खिडकीतून आत आली तर काय उपयोग? छपराच्या भोकाभोवती पाणी गळू नये म्हणून कॉलर बसवतात.

७. उलटा धूर तपासणं. तळघरात गॅसचा गीझर असेल तर पंखा चालू करून बघतात की त्याचा धूर चिमणीतून बाहेरच जातोय ना, खोलीत उलटा येत नाही ना. ही पायरी विसरलं तर एक धोका काढून दुसरा आणला असं होईल. तो दुसरा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

८. यू आकाराची नळी. तळघरातल्या पाइपावर एक छोटी काचेसारखी नळी लावतात, त्यात रंगीत द्रव. पंखा ओढत असेल तर दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी दिसते. सारखी झाली म्हणजे ओढ बंद. ही नळी रेडॉन किती आहे ते सांगत नाही, फक्त पंखा काम करतोय का एवढंच सांगते.

९. परत टेस्ट. पंखा सुरू करून किमान २४ तास गेल्यावर आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजायचं. ही टेस्ट काम करणाऱ्याने नाही, शक्यतो दुसऱ्याने करावी. त्यानंतर दर दोन वर्षांनी.

हा पंखा कायम चालू ठेवायचा असतो. ६० वॅटचा धरला तर वर्षाला साधारण ५२५ युनिट होतात. कोटेशन देताना त्या माणसाने हेही लिहून दिलं होतं.

दादाच्या घरात नंतरचा आकडा आला १.१.

दोन महिन्यांनी एका सकाळी वहिनींना नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं दिसलं. आदल्या रात्रीच्या वादळात ब्रेकर पडला होता. तो उचलला आणि पंखा सुरू झाला. नळी नसती तर पुढची टेस्ट होईपर्यंत कुणाला कळलंच नसतं.

आता माझ्या दुकानाची गोष्ट

हे सगळं बघताना मला माझाच एक जुना कस्टमर आठवला. फरसाण बनवायचा, पत्र्याच्या शेडमध्ये. येऊन म्हणाला, "धूर कोंडतो, एक्झॉस्ट द्या." मी १२ इंची पंखा काढून दिला, पोरगा पाठवून बसवून घेतला. जागा बघितली नाही.

आठ दिवसांनी तो परत आला. पंखा फिरतोय, धूर आहे तिथेच. मी म्हटलं, कंपनीचा दोष असेल. दुसरा पंखा दिला. तरी तेच. शेवटी पैसे परत घेऊन गेला आणि परत कधी आला नाही. मिक्सर, वायर, बल्ब, सगळं दुसरीकडून घ्यायला लागला.

खूप उशिरा कळलं, तो माशा येतात म्हणून दार आणि खिडकी बंद ठेवून तळत होता. हवा आत यायला वाटच नाही, तर पंखा बाहेर काय काढणार? पंख्यात दोष नव्हता. खाली जाळीची एक खिडकी हवी होती, बस्स. आणि बंद खोलीत गॅसची भट्टी चालवणं धोक्याचं, हेही मी त्याला सांगायला हवं होतं. मी पंखा विकला, त्याला हवा मोकळी व्हायला हवी होती.

आता मी काय करतो? एक्झॉस्टची चौकशी आली की जागेवर जातो. खिशात अगरबत्तीचा पुडा. एक लावतो, धूर कुठे जातो ते बघतो : भट्टीजवळ, कोपऱ्यात, दारापाशी. तिकडचा माणूस धुराने जे बघत होता, तेच हे. मग हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे कस्टमरला कागदावर काढून दाखवतो. भट्टीजवळचं तापमान आधी मोजून बिलावर लिहितो आणि फिटिंगनंतर तिथेच, त्याच वेळेला परत मोजतो. जाण्याचे ३०० रुपये घेतो, ऑर्डर दिली तर बिलातून वजा. काही जण ३०० ऐकून फोन ठेवतात. ठेवू दे. पण ज्यांच्याकडे गेलो त्यांचा पंखा परत येत नाही.

तुमच्या धंद्यात हे कसं वापराल?

- बघितल्याशिवाय भाव नाही. फोनवर फार तर 'इतक्या ते इतक्या' असा अंदाज द्या, पक्का आकडा नाही.
- आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. फिल्टरवाले असाल तर पाण्याचा टीडीएस, अर्थिंगवाले असाल तर ओहम, वॉटरप्रूफिंगवाले असाल तर ओल्या भिंतीचा तारखेसह फोटो.
- कस्टमरकडे एक खूण ठेवून या. त्या नळीसारखी. काम चालू आहे की बंद, हे त्याला तुम्हाला फोन न करता कळलं पाहिजे.
- गॅरंटी आकड्यात लिहा. 'काम चांगलं करून देऊ' ही गॅरंटी नाही. त्या माणसाने लिहून दिलं होतं, ४ च्या खाली आलं नाही तर स्वतःच्या खर्चाने परत येईन.
- पुढची तारीख आजच द्या. दोन वर्षांनी टेस्ट, सहा महिन्यांनी सर्व्हिस, जे असेल ते. जुना कस्टमर परत येतो तो यामुळे.
- जे होणार नाही ते सांगा. दार बंद ठेवलंत तर पंखा काम करणार नाही, हे विकण्याआधी सांगा. एखादी ऑर्डर जाईल, पण नाव राहील.

दादाचा परवा फोन आला होता. शेजाऱ्यानेही त्याच माणसाकडून काम करून घेतलंय. मी विचारलं, "त्याने काही जाहिरात वगैरे केली का?" दादा म्हणाला, "नाही रे. शेजारी कॉफीला आला होता, तळघरात ती नळी बघितली आणि विचारलं, हे काय आहे?"

या आठवड्यासाठी एक काम देतो. तुमच्या धंद्यात कस्टमरला न दिसणारी एक गोष्ट शोधा आणि ती मोजायची किंवा दाखवायची एक स्वस्त पद्धत ठरवा. अगरबत्तीचा पुडा १० रुपयांना मिळतो. तुमची पद्धत कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही घेऊ.

भेटू लवकरच. धंदा सांभाळा, आणि शेडची खिडकी उघडी ठेवा!